त्याने जागा बदलली नाही

प्रिय बाळा,

ख्रिस्ताच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचलं. पहिल्यांदा वाचताना काळजी वाटली, दुसऱ्यांदा वाचताना राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. न केलेल्या तपासणीचा अहवाल पुढे सरकवून त्यावर तुझी सही मागताहेत. आजूबाजूचे सगळे मुकाट्याने सह्या करून मोकळे होतात. घरचे म्हणतात पहिलीच नोकरी आहे, जरा जमवून घे. मित्र तुला 'फादर' म्हणून चिडवतात. हे सगळं समजलं. माझ्या उमेदीतही असंच चालायचं, तू माझ्या वयाचा होशील तेव्हाही चालेल. राग त्याचा नाही. पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, तू लिहिलं आहेस की नोकरी लागल्यापासून सकाळची प्रार्थना राहूनच जाते. आणि त्याच्याच वरती विचारतोस, देव उत्तर का देत नाही, माझा विश्वास कमी पडतोय का, येशूने अशा वेळी काय केलं असतं.

येशूने काय केलं असतं याच्या कल्पना बसल्या जागी हव्या तेवढ्या करता येतात. गंमत अशी की त्या कल्पनेतला येशू नेमका आपल्या मनासारखा वागतो. भित्र्याचा येशू गप्प बसतो, तापट माणसाचा येशू चौरंग उलथून टाकतो. ते राहू दे. त्याने प्रत्यक्ष काय केलं ते लिहून ठेवलेलं आहे आणि ते तुला संडे स्कूलपासून पाठ आहे. पाठ आहे म्हणूनच बहुधा तू नीट बघत नाहीस.

शेवटची रात्र घे. वल्हांडणाचं भोजन झालं. त्याला धरून देणारा शिष्य यहूदा मधूनच उठून बाहेर गेलेला होता, आणि तो कशासाठी गेला हे येशूला माहीत होतं. मग गीत गाऊन ते निघाले. परंपरेने त्या रात्री 113 ते 118 ही स्तोत्रं गातात आणि त्यातली शेवटची भोजनानंतर येतात. 118वं काढून बघ. परमेश्वर माझ्या पक्षाचा आहे, मी भिणार नाही, माणूस माझं काय करणार, हे त्यातलंच. पकडले जायला काही तास उरलेले असताना हा माणूस दरवर्षी गायची तीच स्तोत्रं गात होता. त्या रात्रीसाठी खास काही नाही. मग किद्रोन ओढा ओलांडून जैतुनांच्या डोंगरावर गेला. लूक म्हणतो, आपल्या रीतीप्रमाणे गेला. आणि योहानाने जे लिहिलंय त्यावर मी आयुष्यभर अडखळत आले आहे: ती जागा यहूदालाही ठाऊक होती, कारण येशू शिष्यांना घेऊन तिथे वारंवार जात असे.

कळतंय का तुला? त्याला धरून देणं सोपं गेलं ते त्याच्या प्रार्थनेच्या सवयीमुळे. डोंगराच्या पलीकडे बेथानी होती, ओळखीची घरं होती. त्याही पलीकडे यहूदीयाचं रान होतं, रात्रीच्या रात्री माणूस दिसेनासा व्हावा असं. त्या एका रात्रीपुरती जागा बदलली असती तरी शिपायांना मशाली घेऊन शोधत फिरावं लागलं असतं. त्याने जागा बदलली नाही. दर वेळी जिथे गुडघे टेकायचा तिथेच गेला.

आता तू मला सांग, तुझी प्रार्थनेची जागा कोणाला ठाऊक आहे? शत्रूचं सोड. तुझ्या आईला तरी?

माझं एवढंच म्हणणं आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळलास तरी वाच. दबाव आला की नवी निष्ठा काढायची नसते. रोज जे करत होतो तेच त्या दिवशीही करायचं असतं. आणि रोज काहीच करत नसू, तर त्या दिवशी तहान लागल्यावर विहीर खणायला बसावं लागतं. तू आत्ता तेच करतो आहेस, आणि पाणी लागत नाही म्हणून देवावर रुसला आहेस.

गेथशेमानेत, म्हणजे डोंगरावरच्या त्याच जागी, त्याला धीर कुठून आला, असं तरुण संघात विचारलं की मुलं म्हणतात, तो देवाचा पुत्रच होता. बरोबर आहे, पण या उत्तराने आपली जबाबदारी फार सोयीने संपते. मार्कचा पहिला अध्याय बघ. कफर्णहूममधला शब्बाथ, यहूद्यांचा विसाव्याचा दिवस. सकाळी सभास्थानात शिकवलं, तिथेच अशुद्ध आत्मा लागलेल्या माणसाला बरं केलं, मग शिमोनाच्या, म्हणजे पेत्राच्या, घरी त्याच्या सासूचा ताप उतरवला, आणि सूर्य मावळल्यावर सगळं गाव दाराशी लोटलं. मी दवाखान्यात आयुष्य काढलंय, दाराशी लोटलेल्या गर्दीनंतर अंगात काय उरतं ते मला विचार. आणि दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटे, अंधारातच, तो उठून एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन शोधत आला, सगळे तुम्हाला शोधताहेत म्हणाला. तर हा म्हणतो, चला, आसपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ. परिचारिका म्हणून मला हे वाक्य पचायला जड गेलं. दाराशी आजारी माणसं असताना? पण कोणाच्या हाकेला ओ द्यायची हे तो गर्दीला ठरवू देत नव्हता, ते पहाटे ठरत होतं. दबाव नुसता धमकीचा नसतो रे. लोकांनी डोक्यावर घेणं हाही दबावच. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक त्याला बळेच राजा करायला निघाले, तेव्हाही तो एकटाच डोंगरावर निघून गेला. धमकीच्या दिवशी तेच, कौतुकाच्या दिवशी तेच.

म्हणजे गेथशेमानेतली ती प्रार्थना एका रात्रीची नव्हती. तिच्यामागे कफर्णहूमची ती पहाट होती आणि अशा कितीतरी पहाटा, ज्या कोणी लिहूनही ठेवल्या नाहीत.

मी नवीन मुलींना वॉर्डात शिकवायचे तेव्हा सांगायचे की मध्यरात्री रक्तदाब कोसळलेल्या माणसाची शीर दिसत नसते, ती बोटांना सापडते, आणि ज्या बोटांनी रोज दुपारी धडधाकट माणसांच्या शिरा चाचपल्या नाहीत त्यांना ती सापडत नाही. त्या वेळी कितीही कळवळून प्रार्थना केली तरी नाही. हे ऐकून एक मुलगी म्हणाली होती, सिस्टर, तुम्ही देवाला मानता ना? मानते, म्हणूनच म्हणते.

आता पेत्राकडे ये, कारण तू स्वतःला पेत्र म्हणवून घेतलं आहेस. 'मी पेत्रासारखा भित्रा आहे' म्हणे. पेत्र भित्रा कुठे होता? शस्त्रं घेऊन आलेल्या टोळीपुढे एकट्याने तलवार उपसली त्याने, मुख्य याजकाचा दास मल्ख, त्याचा कान कापला. तू उपसली असतीस? पेत्राला शौर्याची कमतरता कधीच नव्हती. त्याच्याकडे नव्हती ती जागण्याची सवय. 'शिमोना, झोपी गेलास काय?' असं त्याला विचारलं गेलं ते तलवारीच्या जरा आधी. ज्या वेळात गुरू घाम गाळत होता त्या वेळात हा झोपला, मग जाग आल्यावर एकदम पराक्रम करायला धावला, आणि पहाट व्हायच्या आत शेकोटीशी एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे गळपटला, येशूला ओळखतच नाही म्हणाला. तुझ्या पत्रातला राजीनामा मला त्या तलवारीसारखा वाटतो. टेबलावर आपटायचा, सगळ्यांना गप्प करायचं, आणि आठवडाभराने घरात बसून स्वतःला विचारायचं की मी हे देवासाठी केलं की संतापासाठी. राजीनामा द्यावा लागेलही कदाचित. पण झोपेतून उठून देऊ नकोस.

तू म्हणशील, मन लागत नसताना प्रार्थनेला बसणं म्हणजे ढोंग. तुमच्या पिढीचं हे आवडतं वाक्य आहे आणि मला त्याचा मनस्वी कंटाळा आहे. ढोंग म्हणजे काय ते येशूने स्वतः सांगितलंय: लोकांनी बघावं म्हणून चवाठ्यावर उभं राहून केलेली प्रार्थना. मन लागत नसताना खोलीचं दार लावून केलेल्या प्रार्थनेला त्याने कुठेही ढोंग म्हटलेलं नाही. गेथशेमानेत त्याला काय वाटत होतं? शांत वाटत होतं? तो म्हणाला, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. इब्री लोकांच्या पत्रात आहे की त्याने मोठ्याने आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केल्या. आणि मत्तय व मार्क दोघेही सांगतात की तो परत परत जाऊन त्याच शब्दांत प्रार्थना करत होता. तेच शब्द! देवाच्या पुत्रालासुद्धा नवे शब्द सुचले नाहीत किंवा त्याने शोधले नाहीत. हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही शेवटची ओळ त्याने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली आहे, दर रविवारी आपण झोपेत म्हणतो तीच. प्याला दूर झाला नाही हेही लक्षात घे. तू म्हणतोस तसं 'उत्तर' त्याला मिळालं नाही. तो उठला आणि म्हणाला, उठा, आपण जाऊ.

वधस्तंभावरही बघ. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' हे 22व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. 'मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो' हे 31व्यातलं. सैतानाने रानात परीक्षा घेतली तेव्हाची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली. चाळीस दिवसांचा उपाशी माणूस असो की खिळ्यांवर लटकलेला, त्याच्या तोंडून आपसूक जे निघालं ते आधीपासून आत साठवलेलं होतं. तुझ्या तोंडून त्या केबिनमध्ये काय निघेल? तू लिहिलं आहेस की साहेबांपुढे गेल्यावर तोंडाला कोरड पडली आणि 'बघतो सर' म्हणालो. आत 'बघतो सर'च साठलेलं होतं, दुसरं काय निघणार.

फार लागलं का? लागू दे थोडं. तुझा विश्वास कमी पडत असता तर तू आतापर्यंत सही करून मोकळा झाला असतास आणि मला पत्रही आलं नसतं. सही न करता तुझे इतके दिवस गेले, हे मी बघते आहे. तुझ्याबद्दल मला आशा नसती तर मी एवढी शाई खर्चच केली नसती.

आता एक वेगळी गोष्ट, कारण चांगली मुलं इथे घोळ घालतात. ख्रिस्ताचं अनुकरण म्हणजे संकट ओढवून घेणं नव्हे. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला, थांबून हुतात्मा झाला नाही. यहूदी अधिकारी जिवावर उठले होते तेव्हा तो काही काळ यहूदीयात फिरेनासा झाला. मेलेल्या लाजाराला उठवल्यावर कट शिजू लागला तेव्हा रानाजवळच्या एफ्राइम नावाच्या गावी जाऊन राहिला. आणि मुकाट मार खाणं म्हणजेही ख्रिस्ताचं अनुकरण नव्हे, हे मी ठासून सांगते, कारण बायकांना आणि हाताखालच्या माणसांना हे फार सोयीस्करपणे शिकवलं जातं. याजक हन्नासमोर एका शिपायाने तोंडात मारली तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असलो तर दाखवून दे, बरं बोललो असलो तर मारतोस का? हेरोद राजाला चमत्कार बघायची हौस होती, त्याच्याशी मात्र एक शब्द बोलला नाही. रोमी सुभेदार पिलाताने राज्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर दिलं, मुख्य याजकांच्या आरोपांवर गप्प राहिला. कुठे बोलायचं, कुठे गप्प राहायचं, कुठून निघून जायचं आणि कुठे पाय रोवायचे, याचं कोष्टक मला देता येत नाही. त्याला ते प्रत्येक वेळी कळत होतं. का कळत होतं ते मी वर सांगितलंय, परत सांगायला लावू नकोस.

माझं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी तुझ्या आईने कधीतरी अर्धवट सांगितलं असणारच.

मी ज्या दवाखान्यात होते तिथे गुंगीच्या आणि तीव्र वेदनेच्या इंजेक्शनांचं कुलूपबंद कपाट असायचं. दर ड्यूटीला चार्ज देताना-घेताना दोघींनी मिळून अँप्युल मोजायच्या, रजिस्टरात आकडा लिहायचा, दोघींनी सही करायची. एका रात्री मी चार्ज घेतला तेव्हा कपाटात होत्या त्यापेक्षा रजिस्टरात जास्त होत्या. वरून निरोप आला, सही करून टाका, सकाळी बघू. मी सही केली नाही. मोजलेला आकडा लिहिला, त्यापुढे वेळ लिहिली आणि माझं नाव लिहिलं. पुढे मेमो आला, वॉर्ड बदलला, माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझ्यावर इनचार्ज झाली. लोकांनी मला ताठ म्हटलं, आजही म्हणतात. मंडळीतसुद्धा म्हणतात, पाळकसाहेबांच्या तोंडावर म्हणतात आणि ते मला येऊन सांगतात. म्हणू देत. मला त्या रात्री धैर्य वगैरे काही वाटलं नव्हतं, हे तुला सांगायचंय. ड्यूटीवर जायच्या आधी एप्रन चढवताना मी 121वं स्तोत्र म्हणायचे, कॉलेजात असल्यापासूनची सवय. बहुतेक वेळा मनात ते नसायचंच. त्या रात्रीही म्हटलं होतं, डोक्यात घरचे विचार होते. पेन हातात घेतलं तेव्हा खोटा आकडा लिहावासाच वाटला नाही, इतकंच. कसली लढाई झाली नाही. लढाई झाली असती तर मी हरले असते, मी माझा स्वभाव ओळखून आहे.

पण त्या रात्रीची एक सल आहे आणि ती ताठपणाची नाही. माझ्या आधीच्या ड्यूटीवरची सिस्टर, जिने चार्ज दिला, तिने आदल्या वेळी दडपणाखाली सही केलेली होती. घरी तिच्या एकटीच्या पगारावर सगळे अवलंबून होते. चौकशी झाली ती तिचीच झाली. वरून निरोप पाठवणारे नामानिराळे राहिले. ती जिन्यात मला भेटली होती, काहीतरी बोलायला थांबली होती, आणि मी माझ्या खरेपणाच्या भरात पुढे निघून गेले. आता कोणी म्हणेल, मी काय करू शकत होते? मला अधिकार नव्हता, मला स्वतःला मेमो होता. आणि हे खरं आहे. मी हे स्वतःला फार वेळा सांगितलंय आणि दर वेळी खरंच असतं. तरीही योहानाचा 18वा अध्याय वाचताना मी आठव्या ओवीशी थांबते. शिपाई धरायला आलेत, आणि हा म्हणतो, तुम्ही मला शोधत असाल तर ह्यांना जाऊ द्या. जे जरा वेळापूर्वी झोपले होते आणि आता पळून जाणार होते, त्यांच्यासाठी.

म्हणून तुझ्या शेजारी बसून सह्या करणाऱ्या त्या दोघांबद्दल तू जे लिहिलं आहेस, 'लाचार' वगैरे, ते पुढच्या पत्रात मला दिसू देऊ नकोस. त्यांची घरं तू पाहिलेली नाहीस.

दानीएल आठवतो ना? तीस दिवस राजाखेरीज कोणाकडे काही मागायचं नाही असं फर्मान निघालं. दानीएलाला ते कळलं तेव्हा तो घरी गेला, माडीवरच्या यरुशलेमेच्या बाजूच्या खिडक्या उघड्याच होत्या, आणि तो पूर्वीपासून करत होता तशी दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला. खिडक्या मुद्दाम उघडल्या नाहीत, घाबरून लावूनही घेतल्या नाहीत. तीसच दिवस तर होते! मनातल्या मनात केली असती तर देवाने ऐकली नसती का? हा प्रश्न मला एका फार हुशार मुलाने विचारला होता आणि मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण तो उत्तरासाठी विचारत नव्हता. दानीएलाच्या वैऱ्यांनी सापळा लावला तो त्याच्या सवयीवरच, त्यांना खात्री होती की हा माणूस चुकणार नाही. तुझ्याबद्दल तुझ्या ऑफिसात कोणाला अशी खात्री आहे?

आणि स्मर्ण्याचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, दुसऱ्या शतकातला. त्याला धरायला रात्री शिपाई आले तर त्याने त्यांना आधी जेवायला वाढायला सांगितलं आणि स्वतःसाठी तासभर प्रार्थनेला मागून घेतला. दोन तास उभ्याने प्रार्थना करत राहिला. ज्यांनी ही हकिगत लिहून ठेवली त्यांनी आधीच नोंदवलंय की रात्रंदिवस सगळ्यांसाठी प्रार्थना करत राहणं हा त्याचा नेहमीचाच क्रम होता. त्याचं ते '86 वर्षं मी त्याची सेवा केली' हे वाक्य सगळे भाषणांत घेतात. ते दोन तास कोणी घेत नाही.

पेत्राचं अर्धवट सोडलं. तुला आवडतो ना तो, तर पुरता घे. प्रेषितांच्या कृत्यांचा तिसरा अध्याय उघड. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी, दुपारच्या तिसऱ्या प्रहरी, मंदिरात चाललेले दिसतात. चौथ्यात तो न्यायसभेपुढे उभा आहे आणि समोर हन्ना आणि कयफा बसलेत, तेच दोघे, ज्यांच्या वाड्याच्या अंगणात तो शेकोटीशी लटपटला होता. आता लटपटत नाही. दहाव्यात भर दुपारी धाब्यावर प्रार्थनेला चढलेला असतो. बाराव्यात उद्या मरण आहे आणि तो दोन शिपायांमध्ये साखळदंडांनी बांधलेला गाढ झोपलाय. झोपाळू तो झोपाळूच राहिला म्हण हवं तर. हा बदल पवित्र आत्म्याने केला, मी नाकारत नाही, नाकारणारी मी कोण. पण पवित्र आत्मा आल्यावर पेत्राने प्रार्थनेची वेळ पाळणं सोडलं असं काही मला सापडत नाही.

बरं. आता काय करायचं ते सांगते, आणि यात माझ्याशी वाद घालू नकोस.

उद्या सकाळी अर्धा तास आधी ऊठ. एकच जागा ठरव आणि ती बदलू नकोस. मार्कचा चौदावा अध्याय वाच, मग स्तोत्रांपैकी एक मोठ्याने म्हण, पाठ होईपर्यंत तेच. सहीबद्दल प्रार्थना करू नकोस असं म्हणत नाही, पण सुरुवात त्याने करू नकोस. आधी त्या दोघांची नावं घेऊन कर, मग तुझ्या साहेबांचं नाव घेऊन. काही वाटलं नाही तरी उठून जाऊ नकोस. परवाही तेच. आईला सांगून ठेव की त्या वेळात हाक मारू नकोस. तिलाही कळू दे.

अहवालाचं उत्तर साहेबांना तोंडी देऊ नकोस, तुझं तोंड कोरडं पडतं. लेखी दे. इतकंच लिही की अमुक तारखेची तपासणी झालेली नाही, म्हणून मी सही करू शकत नाही. सांगाल त्या दिवशी मी स्वतः जाऊन ती करायला तयार आहे. वर बायबलचं वचन नको, खाली देव नको, दुसऱ्या कोणी सही केली याचा उल्लेख तर मुळीच नको. त्यावर काय होईल ते मला सांगता येत नाही. मेमो येईल, नाहीतर काहीच होणार नाही, नाहीतर नोकरी जाईल. गेली तर घरी वडिलांना तू स्वतः सांग, माझं नाव पुढे करू नकोस, ते आधीच माझ्यावर खार खाऊन आहेत.

मसुदा साहेबांकडे जायच्या आधी मला दाखव. चार ओळींच्या वर गेला असेल तर फाडून नवा लिही.

तुझी,
मावशी